पाहिलं तुला, जा

१२ एप्रिल, रविवार

दादाने आज मला घराबाहेर काढलं. अक्षरशः मनगटाला धरून. "ठकू, बूट घाल, चल." कुठे, कशाला, काही नाही. चाळिशी उलटली तरी त्याच्यासाठी मी ठकूच, आणि ठकूने प्रश्न विचारायचे नसतात.

वहिनी दारात कपडे झटकत होती. म्हणाली, "निघालात का दोघं सवतीला फिरवायला?" सवत म्हणजे दादाची तांबडी गाडी. वीस वर्षं झाली, लग्नापेक्षा थोडीच लहान.

गाडीची किल्ली त्याने माझ्याच हातात दिली. "रस्त्याने तू चालव. वर्षभर स्टिअरिंगला हात लावला नाहीस, गंज चढेल." मी चालवली. डोंगराखाली ट्रॅकचं फाटक आलं तेव्हा आम्ही जागा बदलल्या.

मी इतकी वर्षं ऐकत आले होते, आत कधी गेले नव्हते. ज्या रविवारी शर्यती नसतात त्या दिवशी हा ट्रॅक सगळ्यांना मोकळा असतो. फाटकावरच्या बाईंकडून तिकीट घ्यायचं, दांडा वर गेला की आपली गाडी घेऊन एक फेरी मारायची. थांबायचं नाही, उलटं फिरायचं नाही, शर्यत लावायची नाही. ऐकायला सोपं. पण तो रस्ता जंगलातून असा वरखाली आणि आडवातिडवा जातो की मी दाराची मूठ सोडलीच नाही. दादा गेली पंधरा वर्षं येतोय. सगळी वळणं त्याला तोंडपाठ आहेत.

फाटकातून निघण्याआधी त्याने एक रीत सांगितली. मागून वेगाने येणारा नेहमी डावीकडूनच पुढे जाणार. पुढच्याने त्याला बघितलं की उजवा इंडिकेटर द्यायचा आणि उजव्या कडेला सरकायचं.

"याचा अर्थ काय, सांग."

"उजवीकडे वळतोय."

"छे. याचा अर्थ, पाहिलं तुला, जा. मग जाणारा हात वर करतो. इथे लोक एकमेकांशी एवढंच बोलतात. पुरतं."

मग म्हणाला, "तुला काम देतो. डावीकडचा आरसा आजपासून तुझा. मागे कोणी आलं की मोठ्याने सांगायचं. म्हणजे मन भटकणार नाही."

आमचे हे वारल्यापासून माझं मन भटकतं हे त्याने पाहिलंय तर. मला वाटायचं, कोणाच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्याच उतारावर मी किंचाळले. चांगली बेंबीच्या देठापासून. फेरी संपल्यावर दादा हसत होता. "वर्षभरात पहिल्यांदा आवाज काढलास घरातल्या मांजरापेक्षा मोठा."

असा भाऊ सगळ्यांना मिळो.

५ मे, मंगळवार

शिवणाच्या दुकानात आज सहा पँट आखूड केल्या. हे काम मला आवडतं. माणूस येतो, उभा राहतो, त्याच्या पायाशी बसून टाचण्या लावायच्या. कोणी तोंडाकडे बघत नाही, कोणी "कशा आहात आता" विचारत नाही.

जेवताना दादाच्या कोपराने पाण्याचा ग्लास पडला. या आठवड्यातला दुसरा. त्याच्या फोटोफ्रेमच्या दुकानातही त्याने मोठी काच फोडली म्हणे, टेबलाच्या कडेला उभी होती तीच. वहिनी पुसता पुसता म्हणाली, "लक्ष कुठे असतं हो तुमचं? घरात असता तेव्हाही ट्रॅकवरच."

तिने आज केस कापून घेतलेत, खांद्यापर्यंत. तिला शोभतात. मी म्हणाले तसं. तिने दादाकडे पाहिलं. दादा पोळीचा तुकडा मोडत होता, समोर बघत.

वहिनी उठून गेली.

१४ जून, रविवार

आता वळणांची नावं मला येतात. पाट्यांवर वेगळीच नावं आहेत, पण दादाने आपली ठेवलीत. उतरून लगेच चढ लागतो तो उंबरठा. एकामागोमाग दोन वळणं, पहिलं खोटं आणि दुसरं खरं, तो चकवा. ज्या चढावर काचेत रस्ता दिसतच नाही, नुसतं वरचं निळं, ते आभाळ. आभाळाच्या पलीकडे लगेच डावं वळण आहे, त्याचं नाव आत्याबाई. "सुरुवातीला गोड, मग आवळत जाते," दादा म्हणतो. आमची आत्या अशीच होती. आणि शेवटी कढई, काँक्रीटचं खोलगट वळण, त्यात गाडी तिरकी होऊन फिरते. कुंपणाशी बघे उभे असतात ते तिथेच.

कँटीनमध्ये बेकरीवाला भेटला. दादाचा इथला जुना दोस्त. पहाटे पाव भाजतो आणि मोकळ्या रविवारी दुकान बायकोवर टाकून मोटरसायकल घेऊन येतो. मागच्या पेटीत उरलेले बन असतात, सगळ्यांना वाटतो. हात एवढा मोठा की कप त्यात बाहुलीचा वाटतो.

मला म्हणाला, "ताई, तुम्ही आलात हे फार बरं झालं. दादांना शिस्त लागली. गेल्या वर्षी राजे झाले होते राजे! मी मागे येऊन हॉर्न वाजवतोय, इंडिकेटर नाही, हात नाही, मान नाही. म्हटलं, आम्ही गरिबांनी काय पाप केलं?"

"वय झालं की माणसाला गर्व होतो," दादा म्हणाला.

"मग मला अजून का नाही झाला?"

"तुझं वय वाढतच नाही. फक्त पोट वाढतं."

सगळे हसले. मीही हसले. पण दादा आणि गर्व, हे काही मला जुळवता आलं नाही. पन्नाशीत माणसं बदलतात, वहिनी म्हणते ते खरं असेल.

९ जुलै, गुरुवार

आज वाईट झालं. लिहू नये असं वाटतंय.

सकाळी ओट्याशी मी भाजी चिरत होते. वहिनी शाळेच्या ऑफिसला जायच्या घाईत डबा भरत होती. मध्येच थांबून म्हणाली, "काल बाजारात मी त्यांच्या बाजूला उभी राहून हात केला. एवढ्या जवळून. निघून गेले, ठकूताई. जसं काही मी खांब आहे."

मी म्हणाले, विचारात असेल.

"विचारात. माझ्यासमोर विचारात, आणि रविवारी तुमच्यासमोर तरतरीत. तुम्ही दोघं भावंडं लहानपणीची सोबती. मधली वीस वर्षं मी काय करत होते कोण जाणे."

डब्याचं झाकण लागत नव्हतं. मी लावून द्यायला हात पुढे केला तर तिने डबा ओढून घेतला.

तिचं बरोबर आहे. विधवा नणंद घरात येऊन बसली की असंच होतं. दिवसभर विचार करत होते, दुकानाच्या वरची खोली भाड्याने मिळते का बघावं. दादाला सांगायला गेले तर तो गाडीत बसून डोळ्यांत थेंब घालत होता. "धूळ जाते," म्हणाला. बाटली गाडीच्या कप्प्यातच ठेवतो. खोलीबद्दल काही बोलले नाही. त्याचा चेहरा थकलेला होता.

१६ ऑगस्ट, रविवार

किती सुंदर फेरी झाली!

मी न चुकता सांगत होते. "मागे एक, लांब आहे." "आली जवळ." "गेली." दादाचा इंडिकेटर माझ्या शब्दाबरोबर लागायचा, जसं काही माझ्या जिभेलाच ती कळ जोडलीय. आभाळावर गाडी जरा हलकी झाली आणि मी हसले.  हे असते तर म्हणाले असते, वेडी आहेस. आभाळापर्यंत मला त्यांची आठवण आली नाही, आणि आली ती अशी हसताना. याचं काय करायचं ते मला कळत नाही.

उतरल्यावर दादाला कँटीनची पायरी चुकली. बेकरीवाल्याने दंड धरून सावरला. "दादा, सकाळी सकाळीच?" त्याने अंगठा तोंडाशी नेऊन दाखवला. दादा हसला, पण पुढची पायरी त्याने पायाने चाचपून घेतली. वेगाने असं होतं म्हणे.

बेकरीवाला म्हणाला, संध्याकाळी थांबा, गर्दी कमी असते. दादाने मान हलवली. "उन्हं उतरायच्या आत घरी. ठकूला अंधारात चालवायची भीती वाटते."

मला नाही वाटत. 

१३ सप्टेंबर, रविवार

बेकरीवाला हॉस्पिटलमध्ये आहे.

जिवाला धोका नाही. आधी हे लिहिते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

काल मी ह्यांचा राखाडी कोट देऊन टाकला. दीड वर्ष खुंटीवर होता. बाह्या मीच आखूड केल्या होत्या त्यांच्यासाठी. आज गाडीत दादाला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंस गं," आणि ते इतक्या मऊ आवाजात म्हणाला की मला रडू फुटलं. फाटकातून आत गेलो तेव्हा मी रडतच होते, तोंड मिटून. दादाला वाटलं असेल, गप्प आहे, ठीक आहे.

चकव्यापर्यंत मागे कोणी नव्हतं. आभाळाच्या चढाला लागलो आणि माझ्या आरशात मोटरसायकल दिसली. बेकरीवाल्याचं पिवळं जाकीट. भराभर मोठं होत होतं. दादाने विचारलं, "मागे कोणी?"

शब्द निघेना. मी मान हलवली. हो म्हणून, जोरात, दोनदा. मी त्याच्या शेजारी, हातभर अंतरावर बसलेली. मी मान हलवली आणि तरीही त्याने इंडिकेटर दिला नाही. उलट आभाळ ओलांडून डावीकडे आत्याबाईला गाडी घातली, नेहमीसारखी, आतल्या कडेला घासून. आणि त्या कडेला बेकरीवाला आलेला होता.

आवाज फार मोठा झाला नाही. गवतावरून घसरत गेलं ते पिवळं जाकीट. दादा विचारत होता, "काय झालं? ठकू, काय लागलं?"

काय लागलं! समोर दिसत नव्हतं का?

खांदा आणि मनगट. उजवं. अँब्युलन्समध्ये ठेवताना बेकरीवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "ताई, तुम्ही मला पाहिलंत ना? आरशात?"

मी हो म्हणाले.

गर्व असतो म्हणजे एवढा असतो का? मी मान हलवली होती. मी सांगितलं होतं.

१४ सप्टेंबर, सोमवार

ट्रॅकच्या ऑफिसातून फोन आला. नियमाप्रमाणे मागून येऊन पुढे जाणाऱ्याची जबाबदारी. वळणाच्या तोंडाशी आतून घुसायला नको होतं. म्हणजे चूक बेकरीवाल्याची धरली आहे. दादा सुटला.

दादा दुकानात गेला नाही. खिडकीशी बसून राहिला. वहिनीने समोर चहा ठेवला तो थंड झाला.

मी त्याच्याशी बोलत नाहीये. लहानपणीसुद्धा एवढा अबोला धरला नव्हता.

१७ सप्टेंबर, गुरुवार

आज दुकानात एका गिऱ्हाइकाच्या बाहीला टाचण्या लावत होते. त्याने विचारलं, "फार आखूड होईल का?" माझ्या ओठांत टाचण्या होत्या. मी मान हलवली. तो थांबला आणि पुन्हा विचारलं, "होईल का?" तो आरशात स्वतःकडे बघत होता. मी त्याच्या बाजूला, खाली. त्याला माझी मान दिसलीच नव्हती.

टाचण्या हातात काढल्या आणि तशीच बसून राहिले. गिऱ्हाईक म्हणालं, काय झालं हो?

पडलेले ग्लास. टेबलाच्या कडेची काच. पायरी. बाजारात वहिनी. वहिनीचे केस. रस्त्याने तू चालव. उन्हं उतरायच्या आत घरी. डोळ्यांतले थेंब. डावीकडचा आरसा आजपासून तुझा.

घरी आले. दादा खिडकीशीच होता. मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले, पाय न वाजवता. हात वर केला, त्याच्या कानाजवळ नेला, बोटं हलवली. तो समोर रस्त्याकडे बघत होता. मग पुसट हसला आणि म्हणाला, "साबणाचा वास येतोय. तूच आहेस ना, ठकू?"

मी खालीच बसले.

काचबिंदू. दीड वर्षापूर्वी कळलं त्याला. समोरचं दिसतं, बाजूचं विझत जातं. विझलेलं परत येत नाही, थेंबांनी नुसतं थोपवायचं. डॉक्टरने गाडी बंद सांगितली होती. रस्त्यावर त्याने बंद केलीही, उशिरा का होईना.

"ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही," तो म्हणाला. "वळणं मला पाठ. फक्त मागचं कळायला हवं होतं. वाटलं, तुझे डोळे आणि माझे हात मिळून एक अख्खा माणूस होईल."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू बसली असतीस?"

नसते बसले. तेही त्याला माहीत होतं.

मग मी ते विचारलं जे विचारायला नको होतं. "म्हणजे माझ्यासाठी नव्हतंच ते. मला बाहेर काढलंस ते."

तो खोटं बोलला असता तर मी मानलं असतं. म्हणाला, "आधी माझ्यासाठी. मग तू किंचाळलीस पहिल्या दिवशी. त्यानंतर दोघांसाठी. पण आधी माझ्यासाठी, ठकू."

१९ सप्टेंबर, शनिवार

वहिनीला सांगितलं. दादानेच. मी उठून जात होते तर तिने बस म्हणून खूण केली.

सगळं ऐकून झाल्यावर ती दादाकडे वळली. मग म्हणाली, "म्हणजे बाजारात..."

"दिसली नाहीस गं."

"आणि केस कापले तेव्हा?"

"तू उठून गेलीस तेव्हा कळलं, काहीतरी चुकलं. काय ते कळलं नाही."

वहिनी हसायला लागली. हसता हसता पदर तोंडाशी धरला. "मी वर्षभर नवे रंग घालून बघितले. बाईसाहेब जाड झाल्या म्हणून बघत नाहीत असं समजून संध्याकाळचं जेवण सोडलं. अहो, मी मनातून तुम्हाला सोडून दिलं होतं! कळतंय का? मी मनातल्या मनात तुम्हाला टाकून दिलं होतं, आणि तुम्ही..." 

दादा उठला आणि तिच्या बरोबर समोर जाऊन उभा राहिला, अगदी नाकासमोर. तिथेच त्याला दिसतं. बघत राहिला. "शोभतात," म्हणाला.

"चार महिन्यांनी सांगताय. वाढले आता."

मला खोली शोधायची गरज नाही. पण ते आजच्या दिवशी सुचावं याची लाज वाटली.

२० सप्टेंबर, रविवार

बेकरीवाल्याकडे गेलो. दुकानाच्या मागेच घर आहे, सगळीकडे पिठाचा पातळ थर. त्याची बायको आत पाव काढत होती, बाहेर आली नाही.

उजवा हात गळ्यात बांधलेला. खांद्यात खिळे घातलेत. हात खांद्याच्या वर जाईल की नाही डॉक्टर सांगत नाहीत. पीठ मळायचा हात तोच.

दादाने उभ्या उभ्याच सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. ट्रॅकच्या ऑफिसातही सांगून आलो, तुझ्यावरचा ठपका काढा म्हणून लिहून दिलं, लायसन्स जमा केलं, म्हणाला.

बेकरीवाला डाव्या हाताने पट्टीचा दोरा ओढत राहिला. मी वाट बघत होते, ओरडेल म्हणून. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"गेल्या वर्षी मी हॉर्न वाजवायचो," तो शेवटी म्हणाला. "तेव्हापासून का?"

"तेव्हापासून."

"मी चेष्टा करत होतो. राजे म्हणत होतो. तेव्हा एकदा सांगितलं असतंस, दिसत नाही रे. मी लांबून गेलो असतो. सगळे लांबून गेले असते. तू सांगितलं नाहीस." तो पहिल्यांदाच दादाला अरेतुरे करत होता. "ताईंना दिसत होतो मी. तुला नव्हतो. हे मला माहीत नव्हतं."

मी म्हणाले, "माझ्याही तोंडून शब्द निघाला नाही. मी मान हलवली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला तरी कुठे माहीत होतं, ताई."

मग आतून बायकोने हाक मारली आणि तो गेला. बसा म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. आम्ही थोडा वेळ तसेच उभे होतो. परतताना दारात दादाचा खांदा चौकटीला आपटला. मी त्याचा हात धरला. त्याने धरू दिला.

६ ऑक्टोबर, मंगळवार

वहिनीने घरातली सगळी स्टुलं भिंतीला लावलीत. ग्लास आता दादाच्या नाकासमोर ठेवते. दादा म्हणतो, मला लहान मूल करू नका. वहिनी म्हणते, लहान मूल ऐकतं तरी.

गाडी विकायची ठरली. सवत जाणार म्हणून वहिनीच रडली.

२८ ऑक्टोबर, बुधवार

दादाने बेकरीवाल्याला तीनदा फोन केला. बायको उचलते. "झोपलेत."

गाडी घेणारा माणूस सोमवारी येणार आहे. या रविवारी ट्रॅकचा यंदाचा शेवटचा मोकळा दिवस. जायचं की नाही, ठरलेलं नाही. पण दादाने आज गाडी धुतली, हाताने चाचपून चाचपून. मागचा डावा दरवाजा राहून गेला. मी नंतर जाऊन पुसला.

१ नोव्हेंबर, रविवार

वहिनीने सकाळी किल्ली आणून माझ्या पुढ्यात ठेवली. म्हणाली, "हळू चालवा. आणि तोंडाने बोला. मान हलवू नका."

फाटकावरच्या बाईंनी तिकीट दिलं, दादाकडे पाहिलं, मग मला म्हणाल्या, "उजवा इंडिकेटर लावूनच ठेवा. सगळे समजून घेतील."

दांडा वर गेला. दादा माझ्या डावीकडे, माझ्या जागेवर. हात मांडीवर. निघालो तसा सांगायला लागला. "आता उजवीकडे, हलकं. आता उतार, ब्रेक. आता डावीकडे."

पण डावीकडे काही नव्हतं. सरळ रस्ता होता, कितीतरी लांब.  तो पुन्हा म्हणाला, "आता उंबरठा." उंबरठा अजून यायचा होता. मग माझ्या ध्यानात आलं. त्याला ट्रॅक पाठ होता तो त्याच्या वेगाने. पोटाला, पाठीला पाठ होता. मी इतकी हळू जात होते की त्याच्या आतला ट्रॅक पुढे निघून गेला होता आणि आम्ही दोघं मागे राहिलो होतो.

"चकवा गेला का?" त्याने विचारलं.

"नाही दादा. अजून उंबरठासुद्धा नाही आला."

तो "अच्छा" म्हणाला. मग त्याने वळणं सांगणं थांबवलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्याला तिथे कळत नव्हतं आपण कुठे आहोत.

म्हणून मी सांगायला सुरुवात केली. डाव्या बाजूची झाडं पिवळी झालीत. कुंपणाचा एक खांब नवा आहे. मागे पांढरी गाडी, जवळ आली, गेली, हात केला. दादाही हात करायचा. मागे दोन मोटरसायकली. गेल्या. आता चकवा, पहिलं खोटं. आता खरं. आता आभाळ.

आभाळाच्या माथ्यावर मी स्टिअरिंग घट्ट धरलं. पुढे आत्याबाई. गवतावर घसरल्याची खूण आता राहिली नव्हती. तरी ती जागा मी ओळखली. दादाने विचारलं नाही. त्यालाही कळलं असणार, वळण आवळलं तसं. तेवढं एक त्याने बरोबर ओळखलं.

कढईत उतरण्याआधी कुंपणाशी उभी असलेली माणसं दिसायला लागतात. मी हळू होते, त्यामुळे एकेक चेहरा दिसत होता. टोकाला, इतरांपासून थोडा लांब, बेकरीवाला उभा होता. हात आता गळ्यात बांधलेला नव्हता, अंगालगत लोंबत होता. डाव्या हातात कप. त्याने तांबडी गाडी ओळखली. माझा लुकलुकणारा इंडिकेटर बघितला. माझ्या शेजारी कोण आहे तेही बघितलं.

दादा म्हणाला, "कढई ना? बघे आहेत?"

"आहेत."

"तो आहे?"

मी मान हलवणार होते. "आहे," म्हणाले. "अगदी कडेला."

"हात केला?"

कप तसाच होता. दुसरा हात तसाच होता. तो नुसता बघत होता.

"केला," मी म्हणाले.

दादाने आपला हात वर केला. काचेजवळ, उंच, बोटं पसरून, आणि बरोबर त्याच बाजूला. तसाच धरून ठेवला. गाडी कढईत तिरकी झाली तेव्हाही खाली घेतला नाही.

मी आरशात बघणार होते, बेकरीवाल्याने काय केलं ते. पण वळण आलं होतं, आणि गाडी माझ्या हातात होती.